छाटणीच्या दिवसापासून मोजा : कामाला शिस्त लावण्याची सविस्तर पद्धत

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या द्राक्ष बागायतदाराला विचारा, "बाग कुठवर आली?" तो तारीख सांगत नाही. "बाविसावा दिवस चालू आहे," असं सांगतो. ही मोजणी फळछाटणीपासूनची, म्हणजे घड येण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या छाटणीपासूनची असते. फेलफुटी (नको असलेल्या फुटी) कधी काढायच्या, विरळणी कधी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) कधी, शेंडा कधी मारायचा, सगळं त्या एका दिवसापासून मोजून ठरतं. शेजारच्या बागेची छाटणी आठ दिवस मागे झाली असेल तर तिची मोजणी वेगळी चालते. आज मन लागतंय का, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही, कारण आज काय करायचं ते छाटणीच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

मी सांगलीत कर सल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे हळदीचे व्यापारी येतात, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखानदार येतात, मिरजेतले डॉक्टर येतात. घरची थोडी द्राक्षबागही आहे. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याला आपण शिस्तीचा माणूस म्हणतो, त्याची इच्छाशक्ती दुसऱ्यांपेक्षा फार मोठी असते असं नाही. रोज सकाळी नव्याने घ्यावे लागणारे निर्णय त्याने आधीच घेऊन ठेवलेले असतात. पुढची सगळी पद्धत याच पायावर उभी आहे. नोकरदार, दुकानदार, घरून काम करणारी मंडळी, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, सगळ्यांना ती लागू पडते. कुठे थोडा फरक करायचा तेही सांगतो.

आधी आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. एक साधी वही घ्या. काम बदललं की वेळ लिहा आणि पुढे दोन शब्द : "९.१० बँकेचं काम", "९.३५ फोन", "९.५० मोबाईल". शेवटची नोंद लिहिताना लाज वाटली तरी लिहा, वही कुणाला दाखवायची नाही. याच आठवड्यात एखादं मोठं काम हातात घेण्याआधी त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज लिहून ठेवा आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष किती लागला ते शेजारी लिहा.

आठवड्याच्या शेवटी दोनच गोष्टी बघा. पहिली, न तुटता सलग काम झालेला सगळ्यात मोठा तुकडा किती मिनिटांचा होता आणि तो दिवसाच्या कुठल्या भागात आला. दुसरी, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर. डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याच खोडीबद्दल लिहिलं. माणूस काम कसं होईल याचं चित्र मनात रंगवतो आणि त्यावरून वेळ ठरवतो. तसलंच काम मागच्या वेळी किती लांबलं होतं, हे बघत नाही. त्यावर उपाय वहीतच आहे. तुमच्या नोंदीत तासाचं काम दीड तासाला जात असेल, तर पुढच्या आठवड्यापासून दीड तासच धरा. अंदाज खरा झाला की दिवस कोलमडायचं निम्मं कारण जातं.

एकच काम निवडा आणि शेवटाकडून मागे या

आता एक काम ठरवा, ज्याला खरोखर सलग लक्ष लागतं आणि जे सतत मागे पडतं. पहाटे उठणं, व्यायाम, वाचन, बचत, इंग्रजी सुधारणं अशी पाच कामं एकदम हातात घेतली की एकही धड होत नाही. म्हणून एकच.

मग त्याचा शेवट कुठल्या तारखेला आहे ते लिहा आणि उलट मोजत या. माझ्या कामातलं उदाहरण देतो. दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला ३बी, म्हणजे मागच्या महिन्याच्या कराचं विवरणपत्र, २० तारखेपर्यंत भरावं लागतं. ज्यांच्या डोक्यात फक्त २० हा आकडा असतो, ते १९ तारखेला रात्री बिलं शोधत बसतात. मागे येत मोजलं तर चित्र असं दिसतं : १८ ला चलन भरलं पाहिजे. त्याआधी खरेदीचा ताळमेळ हवा आणि त्यासाठी लागणारं २बी, म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांचं पोर्टलवरचं पत्रक, १४ तारखेला तयार होतं, म्हणजे १५ आणि १६ हे ताळमेळाचे दिवस. विक्रीचं विवरणपत्र ११ ला जायचं, म्हणजे विक्रीची बिलं ८ पर्यंत पूर्ण. खरेदीची बिलं ५ ला फाईलमध्ये. आता ५ तारखेला काय करायचं हे स्पष्ट आहे आणि ते काम अर्ध्या तासाचं आहे. २० तारखेची भीती ५ तारखेच्या अर्ध्या तासात विरते.

परीक्षा असो, घराचं बांधकाम असो, मुलीच्या लग्नाची तयारी असो, रीत हीच. शेवटून मागे येत प्रत्येक टप्प्यावर तारीख घाला आणि या आठवड्यात येणारा टप्पा तेवढाच डोळ्यांसमोर ठेवा.

ज्या कामाला बाहेरून तारीखच नाही, त्याचं काय? वजन कमी करणं, हिशेब शिकणं, जुन्या फायली लावणं. तिथे आपणच छाटणीचा दिवस ठरवायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेला गोल करा, ती 'दिवस पहिला', आणि पुढच्या चौकोनांत २, ३, ४ असे आकडे घाला. काम झालं की आकड्यावर फुली. याचा मोठा फायदा असा, की सोमवारची, एक तारखेची किंवा पाडव्याची वाट बघणं बंद होतं.

द्राक्षाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड खरं तर आधीच ठरलेला असतो. एप्रिलमध्ये वेलाची खरड छाटणी करतात, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून तो खोलवर छाटतात. त्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यात (कोंबात) सूक्ष्म घडनिर्मिती होते. तेव्हा बागेत बघण्यासारखं काही नसतं, बाजारही नसतो. उन्हाळ्यात पाणी आणि काडी सांभाळली नाही तर ऑक्टोबरनंतर कितीही फवारण्या केल्या तरी नसलेला घड येत नाही. तुमच्या कामात असा दोन महिन्यांचा मुका काळ कुठला, ते ओळखा. विद्यार्थ्यांसाठी तो जाहिरात निघण्याआधीचा असतो, व्यापाऱ्यासाठी हंगाम संपल्यानंतरचा. पद्धत लावायला तोच काळ उत्तम. हंगामाच्या गर्दीत नवी सवय लावायला निघालेला माणूस बहुधा चार दिवसांत सोडून देतो.

'अमुक झालं की तमुक' हे वाक्य लिहा

"उद्यापासून नियमित करीन" या वाक्यात कधी, कुठे, कशानंतर हे काहीच नाही, म्हणून ते टिकत नाही. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं. अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन असं आधी नेमकं ठरवलेल्या लोकांच्या हातून ठरवलेलं काम जास्त वेळा पार पडतं, असं त्याच्या आणि त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत दिसलं. प्रसंग समोर आला की विचार करावा लागत नाही, हात आपोआप तिकडे वळतो.

सांगलीकरांना हे शिकवायची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या नदीकाठच्या घरांत आणि दुकानांत हे वाक्य तयार असतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५. पाणी अमुक फुटांवर गेलं की खालचा माल माळ्यावर, कागदपत्रं पाहुण्यांकडे, गाडी नदीपासून दूरच्या विश्रामबाग भागात. पाणी चढत असताना तिथे चर्चा होत नाही.

तसंच रोजच्या कामाचं करा. वाक्यात पहिला भाग रोज नक्की घडणारा असावा :

"दुकानाचं शटर वर गेलं की, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत कालची रोकड मोजून वहीत मांडीन."

"मुलांची रिक्षा गेली की, चहाचं भांडं घासायला न घेता आधी अर्धा तास शिलाईच्या ऑर्डरला बसेन."

"अभ्यासिकेत खुर्चीवर बसलो की, पुस्तक उघडण्याआधी काल वाचलेलं कोऱ्या कागदावर आठवून लिहीन."

हे शेवटचं विद्यार्थ्यांनी खरोखर करून बघावं. सांगलीच्या अभ्यासिकांत मुलं-मुली बारा बारा तास बसतात आणि मोजतात ते बसलेले तास. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं, की काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहतं. तेव्हा किती तास बसलो याऐवजी न बघता किती पानं लिहिता आली, हे वहीत मांडा.

वाक्य एकच लिहा, जिथे ते घडायचं तिथेच चिकटवा आणि घड्याळाच्या वेळेपेक्षा प्रसंगाला बांधा. कारण सांगतो. "पहाटे पाचला उठा" हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. पण ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी पहाटेपर्यंत पाणी पाजत असतो. साखर कारखान्यात गळीत हंगामात पाळ्या बदलतात. मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर रात्रपाळी करून सकाळी घरी येतात. यांना पाचचा गजर लावायला सांगणं अन्यायाचं आहे. प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून थोडी जास्त झोप लागते. ती मोडून कमावलेली शिस्त महिनाभरही टिकत नाही. पाळीवाल्यांनी मोजणी उठल्यापासून करावी : उठलो, तोंड धुतलं, चहा झाला की पहिला अर्धा तास त्या एका कामाचा. मग ती वेळ सकाळी सहाची असो की दुपारी दोनची.

फोन

याच्यावर जरा जास्त थांबतो, कारण बहुतेकांच्या वहीत सलग तुकडे तोडणारा हाच असतो.

एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलो, तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. ताळमेळ लावता लावता ग्रुपवरचा एक मेसेज बघितला, तर वेळ अर्ध्या मिनिटाचा गेला असं वाटतं. परत आकड्यांकडे आल्यावर मात्र कुठली ओळ चालू होती ते शोधण्यापासून सुरुवात करावी लागते आणि चुका तिथेच होतात.

मनाला दटावून फोन दूर राहत नाही. त्याची जागा बदलावी लागते. पद्धत अशी :

१. सलग कामाच्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत किंवा कपाटात. टेबलावर उलटा ठेवून भागत नाही, हात जातोच.

२. व्हॉट्सअॅपचे सगळे ग्रुप म्यूट करा. सोसायटी, शाळा, भावकी, गणपती मंडळ, सगळे. ग्रुप सोडायची गरज नाही, त्यावरून उगाच नाराजी होते.

३. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात आई-वडील, घरची माणसं, मुलांची शाळा यांचे नंबर अपवाद म्हणून घाला. तातडीचं काही असलं तर फोन वाजेल, ही खात्री असली की मन शांत राहतं. ही पायरी वगळली तर पुढचं काहीच जमत नाही.

४. रात्री चार्जिंग स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

ज्यांचा धंदाच फोनवर आहे, त्यांना हे अवघड वाटतं आणि ते खरंही आहे. मार्केट यार्डात सौदे चालू असताना अडत्याने फोन बंद ठेवून चालणार नाही. त्याने सौद्यांची वेळ फोनसाठी मोकळी ठेवावी आणि सलग काम तिच्या आधी किंवा नंतर करावं. बाकीच्यांनी लोकांना आपली वेळ सांगावी. नुसतं "बिझी आहे" म्हटलं तर माणूस दहा मिनिटांनी पुन्हा फोन करतो. वेळ दिली तर थांबतो.

"अण्णा, आत्ता एकाचं विवरणपत्र चालू आहे. साडेबाराला मीच तुम्हाला फोन लावतो, तेवढी बिलं काढून ठेवा."

"चालतंय की. साडेबाराला नक्की करा."

आणि मग साडेबाराला खरंच फोन करायचा. हे चार-पाच वेळा पाळलं की माणसं स्वतःहून त्या वेळेला फोन करू लागतात. एकदा जरी विसरलात तरी ती सकाळी नऊपासून पुन्हा सुरू होतात, म्हणून शब्द पाळण्याला इथे फार किंमत आहे.

किती वेळ सलग?

सुरुवातीला २५ मिनिटं पुरेत. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात असताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीलाही तेच नाव पडलं. कंटाळवाण्या कामाला ती छान लागू पडते : बिलांच्या नोंदी, फायली, उजळणी. ज्या कामात गुंतायलाच वीस मिनिटं जातात, ते सोपं होऊ लागलं की फेरी ५० मिनिटांपर्यंत वाढवा. विश्रांतीच्या पाच मिनिटांत फोन घ्यायचा नाही. उठा, पाणी प्या, खिडकीपाशी उभे राहा.

घरच्यांशी बोलून ठरवा

शिस्तीचे बरेचसे सल्ले ज्याचा चहा दुसरं कुणीतरी करतं, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. घरातल्या पुरुषाने "सकाळचे दोन तास मला कुणी हाक मारायची नाही" असं जाहीर केलं, तर त्या दोन तासांत मुलांचा डबा, आजींची औषधं आणि दारावरचा दूधवाला कुणाच्या वाट्याला जातात? दुसऱ्याच्या वेळेवर उभी राहिलेली शिस्त मला मान्य नाही.

म्हणून नवरा-बायकोने, एकत्र घर असेल तर सासू-सासऱ्यांसह, एकदा बसून आठवड्याचा कागद करावा. त्यात प्रत्येकाचा एक न तुटणारा तुकडा ठरवा. आईचा सकाळी अर्धा तास असेल तर तेवढ्या वेळात मुलांकडे बाबा बघतील. बाबांचा रात्री असेल तर जेवणानंतरचं आवरणं त्याआधी दोघांनी मिळून. कागद फ्रिजवर लावा. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर सलग वेळ मिळणार नाही हे मान्य करा आणि कामाचेच दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा. त्यात काहीही उणेपणा नाही.

संध्याकाळची चिठ्ठी

काम संपवताना शेवटची पाच मिनिटं राखा. काय अर्धवट राहिलं आणि उद्या त्यातली पहिली हालचाल कुठली, हे लिहा. "शाह ट्रेडर्सची फाईल" असं लिहून उपयोग नाही. "फाईल उघडून जूनची बँक एंट्री तपासणं" असं लिहा. खाली आणखी दोन कामं, तीनच्या वर नाही. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अपुरं काम डोक्यात घोळत राहतं. पण ते कसं पुरं करायचं याचा नेमका आराखडा केला, तर काम झालेलं नसतानाही घोळणं कमी होतं. रात्री जेवताना ऑफिस डोक्यात राहू नये, यासाठी मला याहून सोपा उपाय माहीत नाही.

खंड पडला तर

खंड पडणारच. लग्नसराई, यात्रा, ताप, पाहुणे, पूर. फिलिपा लॅली आणि लंडनमधल्या तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयींचा माग काढला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यांना आढळलं, पण माणसागणिक आणि कामागणिक हा आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. २१ दिवसांचा जो मंत्र सगळीकडे सांगितला जातो, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

तरी लागोपाठ दोन दिवस चुकू देऊ नका. त्यासाठी प्रत्येक कामाचं एक किमान रूप आधीच लिहून ठेवा. अर्धा तास चालणं ठरलं असेल तर किमान रूप म्हणजे घराभोवती एक फेरी. दहा पानं लिहायची असतील तर चार ओळी. वाईट दिवशी तेवढंच करा आणि कॅलेंडरवर पूर्ण फुली मारा, अर्धी नको. पूर किंवा घरातलं आजारपण असं मोठं संकट असेल तर मोजणी सरळ थांबवा आणि सगळं निवळल्यावर थांबलेल्या आकड्यापासून पुढे चालू करा. पुन्हा एकपासून सुरुवात करायची नाही, झालेले दिवस तुमचेच आहेत.

आठवडे गेले, झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, साधं कामही उरकत नाही, असं होत असेल तर त्याला आळस म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर आहे.

आठवड्यातून एकदा वही उघडा

रविवारी सकाळी वीस मिनिटं. कॅलेंडरवरच्या फुल्या मोजा. सातपैकी पाच किंवा जास्त असतील तर काहीही बदलू नका, वेळही वाढवू नका. चार किंवा कमी असतील तर स्वतःला बोल लावत बसू नका, वाक्य तपासा. बहुधा 'अमुक झालं की' हा भागच कच्चा असतो : शटर रोज वेगळ्या वेळी उघडतं, मुलांची रिक्षा उशिरा येते, अभ्यासिकेत जागा मिळत नाही. तो प्रसंग बदला, दुसऱ्या घट्ट प्रसंगाला बांधा, आणि पुढचा आठवडा त्यावर चालवा. मग येत्या आठवड्यातला टप्पा, त्याची तारीख, आणि घरच्या कागदावर काही हलवायचं असेल तर ते.

दुसरं काम यात कधी घालायचं? पहिल्याची आठवण चिठ्ठीत लिहावी लागत नाही, कॅलेंडर न बघताही ते होऊन जातं, आणि हे सलग चार रविवार दिसलं, की मग. तोपर्यंत यादीतली बाकीची कामं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.